फौजेच्या पैशाची विहीर

लढाई संपल्याची बातमी आम्हाला चावडीवरच्या रेडिओवरून कळली. पोरांनी फटाके उडवले, कुणीतरी गुळाचे खडे वाटले. आमच्या घरात मात्र तो गूळ कुणी तोंडात घातला नाही. घरचा माणूस सरहद्दीवर होता आणि लढाई सुरू झाल्यापासून त्याची काही खबर नव्हती.

तो माणूस म्हणजे माझे मालक. फौजेत इंजिनिअर कंपनीत ते हवालदार होते. पूल बांधायचे, रस्ते करायचे आणि जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून निकामी करायचे, हे त्यांचं काम. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. घरात सासरे, मी, आमची चार वर्षांची मुलगी आणि लग्नाला आलेली धाकटी नणंद. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणे आणि नणंदेला वन्सं. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण रीत होती. दोघीच असलो की ती म्हणायची, "वन्सं-बिन्सं काय गं वहिनी, पार म्हातारी केलीस मला."

मी सातवी पास होते, त्यामुळे पत्र आलं की वाचायचं काम माझं. संक्रांतीच्या सुमारास ह्यांचं पहिलं पत्र आलं. सुखरूप होते. लढाई संपली पण आम्हाला इथंच थांबायचं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. राजस्थानच्या पलीकडचा वाळवंटी मुलूख आपल्या फौजेनं घेतला होता. त्या मुलखात गावं होती आणि गावांत माणसं होती. त्यांची व्यवस्था लावायचं काम ह्यांच्या कंपनीकडं आलं होतं.

"येवस्था लावायची म्हंजी काय?" मामंजींनी विचारलं. "पाटीलकी करतोय का काय तिकडं?"

पत्र मी घडी करून ठेवलं.

ते साल कसं गेलं हे आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. आदल्या वर्षीच पाऊस धड झाला नव्हता, आणि ह्या वर्षी तर मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. ढग यायचे, डोंगरावर टेकल्यासारखे दिसायचे आणि संध्याकाळपर्यंत विरून जायचे. पेरलेलं बी मातीतच करपलं. बैल जनावरांच्या चारा-छावणीत नेऊन बांधले. त्यातला एक तिथंच बसला तो उठला नाही. गावच्या विहिरीनं तळ गाठला. सरकारनं पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम काढलं, तेव्हा सगळं गाव हातोडी घेऊन तिथं जाऊन बसलं. ज्यांच्या घरच्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्याही डोक्यावरून पदर ओढून दगडाच्या ढिगापाशी बसल्या.

मी आणि वन्सं शेजारी शेजारी बसत असू. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डोळे बारीक करायचे आणि हातोडी मारायची. चिपा उडून पायाला लागायच्या. मुलगी तिथंच पालाखाली इतर पोरांबरोबर असे. दुपारी पोरांना सरकारी सुकडी, म्हणजे पिवळी गोडसर भुकटी, मिळायची. ती खाऊन तिचं तोंड पिवळं व्हायचं आणि पोट बिघडायचं. आम्ही रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खात होतो. त्या थापताना तुटायच्या आणि खाताना घशात अडकायच्या.

वन्सं खडी फोडतानाही बोलायची. तिची सुपारी फुटली होती. मुलगा नेवाशाकडचा, शाळामास्तर. नदीकाठचं गाव. "तिथं म्हनं नदीत बारमाही पानी असतंय," ती म्हणायची. "मी गेले की पह्यलं नदीत जाऊन बसनार हाय. सासू हाका मारंल, मी वरच येनार न्हाई." आजूबाजूच्या बाया हसायच्या. लग्न पाऊसपाण्यानंतर करायचं ठरलं होतं. पाऊसपाणीच आलं नाही म्हणून ते लांबलं.

गणपती नावाला बसले होते, त्या दिवसांत हे सुट्टीवर आले. एसटीतून उतरून घरी गेले तर घराला कुलूप. कुणीतरी सांगितलं, सगळे रस्त्यावर आहेत. तसेच ट्रंक खांद्यावर घेऊन कामावर आले. मी मान खाली घालून फोडत होते. समोर बूट दिसले म्हणून वर पाहिलं. ते माझ्यासमोरून पुढं गेले आणि वन्संच्या पलीकडच्या बाईला विचारू लागले, आमच्या घरची माणसं कुठं बसलीत म्हणून.

"दादा!" वन्सं ओरडली. "आरं, हितं हायेत आमी!"

ते वळले. धुळीनं आमची तोंडं, केस, भुवया सगळं पांढरं झालेलं. ते माझ्याकडं बघत उभे राहिले. ओळखलं नाही ह्याचं मला वाईट वाटलं नाही. त्यांचं तोंड बघून वाटलं. खाऊन पिऊन अंग भरलं होतं त्यांचं, रंग रापलेला पण तुकतुकीत. त्या जागी तसा माणूस उभा असणंच चमत्कारिक दिसत होतं. मुलगी त्यांना बघून माझ्यामागं लपली.

संध्याकाळी ओसरीवर गाव जमलं. लढाईची हकिगत ऐकायची होती सगळ्यांना. पण लढाईचं ते फारसं बोललेच नाहीत. बोलले ते त्या गावाचं.

"आमी गेलो तवा गावात चिटपाखरू न्हवतं," ते सांगू लागले. "घरांची छपरं पडल्याली, गावची विहीर ढासळल्याली. चार दिसांनी म्हातारीकोतारी बाहीर यायला लागली. येक म्हातारी शेळ्या टाकून जायचं न्हाई म्हनून मागं ऱ्हायली हुती. तिला पीठ द्यायला गेलो तर घेईना. म्हनली, काल तोफा डागल्या आन् आज पीठ वाटताय, डोकं ठिकानावर हाय का तुमचं?"

लोक हसले. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या मेजरसाहेबांकडं त्या लोकांसाठी निराळा पैसा आला होता. लढाईचा खर्च वेगळा आणि हा वेगळा. त्यातून त्यांनी विहीर उपसली, खालपासून दगडानं बांधून काढली, वर कठडा घातला, तेलावरचं इंजिन बसवलं. शाळेवर पत्रे टाकले. फौजेचा डॉक्टर ठरल्या वारी येऊन बसायचा. उंटांना चारा मिळायचा.

"दुस्मनाच्या उंटाला चारा?" मागून कुणीतरी म्हणालं. "आन् आमच्या बैलांनी काय घोडं मारलं?"

हे म्हणाले, "समदं दया म्हनून न्हाई केलेलं. लोकांच्या पोटात अन्न पडलं की ते सांगत्यात सुरुंग कुठं पेरल्यात ते. आमचे साहेब म्हनायचे, पिठाचं येक पोतं दिलं तर येका जवानाचा पाय वाचतो. पन पानी लागलं त्या दिवशी ती म्हातारी आली आन् माझ्या डोक्यावर हात ठिवून गेली. मला बरं वाटलं. आता खोटं कशाला बोलू?"

वन्सं दाराच्या आत उभी होती. तिनं विचारलं, "दादा, इंजिन चालू केल्यावर पानी केवढं येतं रं?"

"ह्या मनगटायवढी धार येती."

त्या दिवशी घरात कळशीभरच पाणी होतं. गाव ओसरीवर जमलं तरी कुणाला पाणी विचारायची सोय नव्हती, आणि कुणी मागितलंही नाही.

दोन दिवस मामंजी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चल नगरला. तिथं क्यांपात मोठे साहेब असत्यात. त्यांना सांगू, तिकडं केलं ते हितं करा."

"आसं न्हाई व्हत, आप्पा," हे म्हणाले.

"इचारायला काय जातंय?"

मुलीच्या अंगावर गळवं उठली होती. तिला नगरच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून मीही निघाले. ह्यांनी गणवेश चढवला. एसटीत माणसं टपावर बसली होती. वाटेत दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आणि त्यामागं बसलेली माणसं. नगर येईपर्यंत तेच.

कॅम्पाच्या फाटकाशी मला, मुलीला आणि मामंजींना लिंबाखाली बसवून हे आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक साहेब होते. मराठीच होते, बोलण्यावरून कोकणातले वाटले. भले माणूस असावेत. नाहीतर हवालदाराच्या म्हाताऱ्या बापाला भेटायला उन्हात फाटकापर्यंत कोण येतं?

"बाबा," ते मामंजींना म्हणाले, "तुमच्या मुलानं सांगितलं मला सगळं. पण तिथली गोष्ट निराळी होती. तिथं कलेक्टर नव्हता, मामलेदार नव्हता. तिथं आम्हीच सरकार होतो, म्हणून तो पैसा आमच्या हातात दिला होता. इथं सरकार आहे. इथल्या विहिरीला मी हात लावू शकत नाही."

"सरकार हाय," मामंजी म्हणाले. "खडी फोडून घेतंय. पन पानी न्हाई देत."

"टँकर पाठवायला सांगतो मी त्यांना. माझ्या हातात तेवढंच आहे."

मामंजींनी फेटा सारखा केला. "साहेब, आसं करा. तुमी येकदा आमाला जिंका."

साहेब हसले नाहीत.  साहेबांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगून आम्हाला पाणी द्यायला लावलं. माठातलं, गार. मुलगी इतकं प्याली की तिला तिथंच ओकारी झाली आणि ते सगळं पाणी मातीत गेलं. मामंजी त्या ओल्या मातीकडं बघत होते. मला लाज वाटली, का ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मुलीला दवाखान्यात दाखवून परत येताना एसटीत हे एकदाच बोलले. "सुट्टी हाय तोवर मीच बघतो."

गावच्या विहिरीचं काम सरकारी यादीत होतं म्हणत, पण मंजुरी यायची होती. ह्यांनी माणसं गोळा केली. रस्त्यावरचं काम सुटलं की आठ-दहा गडी विहिरीवर यायचे. एक सुरुंगवाला ओळखीचा निघाला, त्यानं सुरुंगाची दारू आणली. दगड वर ओढायला यारी उभी केली. हे स्वतः खाली उतरून पहारीनं भोकं पाडायचे. बार उडाला की जमीन हलायची आणि धुराचा लोट वर यायचा. धूर निवला की सगळे काठावर जाऊन वाकून बघायचे.

पण तिकडं रेती होती आणि इकडं काळा पाषाण. वाळवंटात खाली पाणी होतंच, वाटेत रेती ढासळली होती तेवढीच. आमच्याकडं खडकाखाली खडक निघत गेला. सुरुंगानं सुद्धा ढिम्म हलेना. गड्यांचे हात सोलवटले. मिलोची भाकरी खाऊन माणूस पहार किती मारणार? एकेक जण येईनासा झाला. ह्यांनी मात्र सोडलं नाही. सकाळी उतरायचे ते उन्हं कलेपर्यंत खालीच. जेवण मी दोराला बांधून सोडायची.

सुट्टी संपत आली तेव्हा एका कोपऱ्यात खडकाच्या चिरेतून पाझर दिसला. करंगळीएवढा सुद्धा नव्हता, नुसता ओला डाग आणि त्यातून थेंब. रात्रभरात खडकातल्या खळग्यांत साचायचा. सकाळी त्यातून कुणाला तांब्या, कुणाला घागर मिळायची. गाव त्यावरही खूष झालं. मारुतीपुढं नारळ फुटला. ह्यांच्या गळ्यात हार घालायला कुणाकडं फूल नव्हतं, म्हणून गुलाल लावला.

विहीर आता पहिल्यापेक्षा कितीतरी खोल झाली होती. पायऱ्या जुन्या तळापर्यंतच होत्या. त्याखाली सुरुंगानं फाटलेला सरळ खडक, त्यात गड्यांनी उतरण्यापुरत्या पाडलेल्या खोबण्या. निघायच्या सकाळी हे घरी सगळ्यांना बजावत होते.

"बायकांनी खाली उतरायचं न्हाई. पोहऱ्यानं काढा. पुढच्या सुट्टीत मी पायऱ्या पाडतो, कठडा बांधतो."

"पोहऱ्यात येतंय का ते?" मामंजी म्हणाले. "खळग्यात पोहरा बुडत न्हाई. वाटीनं भरावं लागतंय."

"मंग गड्यांनी उतरा."

गडी उतरत होते, पण पहाटे अंधारात उठून रस्त्यावर जायच्या आधी. तेव्हा खळगे अर्धेच भरलेले असायचे, पुरतं पाणी साचायला दिवस वर यावा लागायचा. पाणी भरणं बायकांचं काम होतं आणि बायकाच उतरू लागल्या. त्यातही ज्या हलक्या, चपळ होत्या, त्या. वन्सं सगळ्यांत पुढं. पदर खोचायची, वाटी कमरेला बांधायची आणि भिंतीला पालीसारखी चिकटून खाली जायची. खालून ओरडायची, "सोडा गं घागर!" मग वाटी वाटी करून भरायची. भरलेली घागर आम्ही वरच्या बायका दोरानं ओढून घ्यायचो. मी तिला म्हटलं होतं, तुझ्या दादांनी काय सांगितलं होतं? ती म्हणाली, "दादाला म्हनावं, मंग त्या म्हातारीला हिकडं पाठव. ती भरंल."

दिवाळी सरली होती. दिवाळी म्हणजे काय, पणती लावायला तेल नव्हतं. एक दिवस सकाळी मी काठावरच होते. तिनं शेवटची घागर भरून दिली आणि वर यायला लागली. माझ्याशी बोलत येत होती. खालचा खडक रोजच्या सांडण्यानं ओला होता, त्यात तिचे पाय ओले. जुन्या पायरीला हात लागणार एवढ्यात ती थांबली, तिनं वर बघितलं, आणि मग ती तिथं नव्हती.

आवाज मोठा आला नाही.

पुरुषांनी तिला बाजेला बांधून वर काढलं. शुद्धीवर होती. रडत नव्हती. "पाय कुठं हायेत माझे?" एवढंच दोनदा विचारलं. खडी वाहणारा ट्रक रस्त्यावर उभा होता. त्यातली खडी ओतून दिली आणि बाज ठेवली. नगरपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, पाठीचा कणा मोडलाय, चार-पाच वर्षं जगेल, पण उठायची नाही.

ह्यांना तार केली. आले नाहीत. येऊच शकत नव्हते. दोन्ही सरकारांत करार होऊन घेतलेला मुलूख परत द्यायचा ठरला होता आणि फौज तिथून निघत होती. मला ते नंतर कळलं. तेव्हा मी दवाखान्याच्या पडवीत बसून नुसती फाटकाकडं बघायची.

नेवाशाकडची माणसं एकदा येऊन गेली. मुलगा, त्याचा बाप आणि एक चुलता. मुलगा खाटेपाशी उभा राहिला. वन्संनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तो काहीतरी बोलणार होता, पण बापानं खांद्याला हात लावला. जाताना त्यांनी सुपारीतलं लुगडं परत मागितलं नाही, एवढं खरं. पुढं वर्षभरात त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं होतं तरीही.

हे आले तेव्हा पौष संपत आला होता. वन्संना तोवर घरी आणलं होतं. ओसरीला लागून जी खोली होती, तिथं तिची बाज. हे आत गेले आणि उभेच राहिले. मी पाट दिला तो त्यांनी घेतला नाही.

"बस की," ती म्हणाली. "उभा राहून काय माझी उंची मोजतोस?"

ते खाली जमिनीवर बसले. मग तिनंच विचारलं, "दादा, तिकडच्या विहिरीला कठडा हुता म्हनलास न्हवं?"

"हुता."

"आन् पायऱ्या?"

"पायऱ्यांची गरज न्हवती. इंजिन हुतं. पन लोखंडी शिडी लावली हुती आत, दुरुस्तीला."

"शिडीला पन पैसा मिळाला?"

"मिळाला."

तिनं मान हलवली. रागानं नाही. दुकानात एखाद्या वस्तूचा भाव विचारावा आणि बरं म्हणावं, तशी.

मामंजी दारात उभे राहून ऐकत होते. त्या दिवशी एकदाच ते ह्यांच्यावर ओरडले. "दुस्मनाच्या मानसाला शिडी आन् सख्ख्या भैनीला खोबनी! कुठली रं ही फौज तुमची? काय शिकवत्यात तिथं?" ओरडता ओरडता त्यांचा आवाज फाटला आणि ते अंगणात जाऊन बसले.  

तिकडं शेवटी काय झालं हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, आणि तेही एकटीला. निघायचा हुकूम आला तसे त्या गावातले लोक घाबरले. वर्षभर ह्यांच्या फौजेचं पीठ खाल्लं, सुरुंगांच्या जागा दाखवल्या. आता उद्या तिकडची फौज परत आल्यावर त्यांचं काय होणार? बरीच घरं उंटांवर सामान लादून सरहद्दीच्या अलीकडं निघून आली. शाळेवरच्या पत्र्यांखाली एक पोर उरलं नाही.

आणि इंजिन काढायचं होतं. ते सरकारी सामान होतं, स्टोअरमध्ये जमा करणं भाग होतं. ज्यानं बसवलं त्यालाच काढायला पाठवलं, म्हणजे ह्यांनाच. ते नटबोल्ट खोलत असताना ती शेळ्यांची म्हातारी येऊन कठड्यावर बसली. ती गाव सोडून गेली नव्हती. तिची बोली ह्यांना निम्मी कळायची. पण त्या दिवशी तिनं एकच गोष्ट विचारली आणि ती पुरती कळली. तिनं विचारलं, हे काढायचंच होतं तर बसवलं कशाला?

"मंग तुम्ही काय म्हनला?" मी विचारलं.

"काय म्हननार? पाना घट्ट धरला आन् पुढचा बोल्ट खोलला."

विहीर तिच्याकडं राहिली. तेवढ्या खोल विहिरीतून म्हातारीनं एकटीनं पाणी कसं काढलं असेल, हे ते पुढं कित्येकदा मनाशीच बोलायचे. तार त्यांच्या हातात त्याच संध्याकाळी पडली होती.

त्या सुट्टीत ते रोज सकाळी छिन्नी आणि घण घेऊन गावच्या विहिरीवर जायचे. कुणाला मदतीला बोलावलं नाही. जुन्या पायरीपासून तळापर्यंत, काळ्या खडकात, पाऊल पुरतं बसेल अशी एकेक पायरी पाडत खाली गेले. मामंजी एकदा काठावर जाऊन म्हणाले, "आता कशाला?" खालून घणाचा आवाज थांबला नाही. मामंजी थोडा वेळ उभे राहिले, मग बसले, आणि मग फुटलेले दगड टोपलीत भरून वर ओढायला लागले.  सुट्टी संपायच्या आत पायऱ्या झाल्या. पुढचा पाऊस पडेपर्यंत गावच्या बायका त्यावरूनच उतरल्या आणि वर आल्या. त्यानंतर तिथं कुणी पडलं नाही.

पाऊस आला. विहीर भरली. पायऱ्या पाण्याखाली गेल्या. लोक दुष्काळ विसरले, विसरावाच लागतो. मला गावच्या बालवाडीत काम मिळालं. हे काही वर्षांनी पेन्शन घेऊन घरी आले. मामंजी त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेले.

वन्सं बरीच वर्षं जगली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ. आम्ही तिला हातानं फिरवायचं शिलाई मशीन घेतलं. बाजेवर पाट टाकून, त्यावर मशीन ठेवून ती गावातल्या बायकांची झंपरं शिवायची. तोंड तसंच होतं. कुणाचं माप घेताना म्हणायची, "जरा श्वास सोड गं बाई, कापड तुझ्या नवऱ्याचं हाय, त्याला परवडायचं न्हाई." बायका तिच्याकडं शिवायला कमी आणि हसायला जास्त यायच्या. पण कूस बदलताना ती कशी विव्हळायची हे मला आणि ह्यांनाच माहीत होतं. तिला फिरवायचं, धुवायचं, जखमांना औषध लावायचं काम आम्ही दोघांनी वाटून घेतलं होतं. भाऊ आहे म्हणून लाज करायचे दिवस केव्हाच सरले होते.

एकदा तिची पाठ पुसता पुसता ह्यांनी तिला विचारलं, "तुला माझा राग येतो का गं?"

मी दारातच होते. ती पालथी होती, तोंड उशीत. "कशाचा?"

"विहीर मी खोल केली."

"आरं, घरात पानी न्हवतं म्हनून उतरले मी," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हनून न्हाई. जरा डावीकडं पूस. खाजतंय तिथं."

ती गेली ती पाठीच्या जखमा चिघळून, ऐन पावसाळ्यात. तीन दिवस ताप होता, डॉक्टर येऊन सुया देऊन गेला, उतार पडला नाही. चौथ्या दिवशी दुपारी माझी मुलगी, जी तोवर शाळा संपवून कॉलेजात जायला लागली होती, तिला पाणी पाजत होती. दोन घोट घेतले, तिसरा ओठांवरून खाली आला. मुलीला वाटलं नको असेल म्हणून तिनं तोंड पुसून भांडं बाजूला ठेवलं.

ओढ्याला पूर होता, म्हणून मसणवटीत नेता येईना. आमच्याच शेताच्या बांधावर, उंचवट्यावर, कोरडी जागा बघून तिला ठेवलं. लाकडं ओली होती. पेटायला फार वेळ लागला. हे शेवटपर्यंत तिथं उभे होते. छत्री धरायला गेलेल्या माणसाला त्यांनी हातानंच बाजूला सारलं.

मशीन त्यांनी पुढच्या आठवड्यात गावातल्या एका विधवा बाईला नेऊन दिलं. तिनं त्यावर मुलांची दप्तरं शिवून विकायला सुरुवात केली.